नंदी कुठं गेला?

जयसिंगपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: ‘ताई, एल्डन रिंग हा गेम एकदा पूर्ण संपवला, डीएलसीमध्ये, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागात, मेस्मरलाही मारलं. दीडशे तास तरी झाले असतील. पण गोष्ट काय आहे असं कुणी विचारलं तर धड चार वाक्यं सांगता येत नाहीत. रूमवरचा मित्र म्हणतो, गोष्ट नाहीच, जपान्यांनी नुसतं धुकं सोडलंय आणि लोकांना त्यात आकार दिसतात. तुम्ही गेम बनवता, खरं काय ते सांगा. आणि वाटेत सोबत करणारी मेलिना म्हणजेच ग्लोम-आइड क्वीन का?’

शेवटच्या प्रश्नावरून माझ्या ओळखीतल्या दोन घट्ट मित्रांचं महिनाभर बोलणं बंद होतं, म्हणून तिकडं सावकाश येते. आधी तुझ्या रूमवरच्या मित्राचं बघू. त्याला सांग, गोष्ट आहे. सांगितलेली नाही, ठेवलेली आहे.

मी चौदा वर्षं लेव्हल डिझाइन करते. त्यातली नऊ पुण्यात गेली, आता कोल्हापुरात घरी बसून काम चालतं. लेव्हल डिझायनर गोष्ट लिहीत नाही. दार कुठं असावं, वळणावरून पहिल्यांदा काय दिसावं, मेलेला माणूस दाराकडं तोंड करून पडलाय की पाठ करून, हे आम्ही ठरवतो. लेखक लिहून देतो, ‘इथले लोक पळून जाताना मारले गेले.’ ती ओळ खेळणाऱ्याला न वाचता कळली पाहिजे, यासाठी आम्हाला पगार मिळतो. तेव्हा माझं उत्तर त्या बाजूनं येणार. आणि पुढं डीएलसीमधलंही सगळं उघड बोलणार आहे, मित्राला वाचायला देण्याआधी त्याचं कुठवर झालंय ते विचार.

तू जयसिंगपूरचा, म्हणजे शाळेच्या सहलीतून खिद्रापूरला गेलाच असशील. स्वर्गमंडपात उभं राहून वरचं गोल उघडं आभाळ बघितलं असशील, अठ्ठेचाळीस खांब मोजता मोजता मध्येच चुकला असशील. आता आठव, कोपेश्वरासमोर नंदी होता का? नव्हता. शंकराचं एवढं मोठं देऊळ आणि नंदीच नाही. मी लहानपणी आज्जीबरोबर कितीदा तरी तिथं गेले, पण ही गोष्ट मला डोळ्यांनी कधी दिसली नाही. कारण जे नाही ते बघायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मग आज्जीनंच सांगितलं की दक्षाच्या यज्ञाला सती निघाली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथं नाही, तो तिकडं कर्नाटकात यडूरला. सती गेली ती गेलीच, म्हणून महादेव कोपला, म्हणून हा कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो गाभाऱ्यात धोपेश्वर होऊन शेजारीच बसलाय.

एक रिकामी जागा, एक विचित्र नाव, आणि गाभाऱ्यात एक जास्तीचा देव. एवढ्या तीन वस्तूंवर अख्खी कथा उभी आहे. सांगणारं कुणी भेटलं नसतं तरी प्रश्न तिथंच होता.

असली ठिकाणं आपल्याकडं पायलीला पन्नास आहेत. कोल्हापूरची टेंबलाई देवी शहराकडं पाठ करून का बसलीय? कारण विजयाच्या सोहळ्याचं बोलावणं तिला आलं नाही, म्हणून ती रुसली. आणि म्हणून आजही ललितापंचमीला अंबाबाईची पालखी स्वतः तिच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात. मूर्तीचं तोंड कुठं आहे एवढ्यावरून सुरुवात होते बघ. मी नव्या पोरांना शिकवताना हेच उदाहरण देते, कारण बसवलेल्या पुतळ्याची दिशा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला संवाद आहे.

आता एल्डन रिंग. २५ फेब्रुवारी २०२२ ला तो आला. त्या जगाचा जुना इतिहास, म्हणजे अंगठी फुटण्याआधीचं सगळं, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिला होता. त्यावर हिदेताका मियाझाकी आणि फ्रॉमसॉफ्टवेअरच्या लोकांनी पुढचं जग उभं केलं. म्हणजे आधी सबंध मडकं घडवलं, मग ते फोडलं, आणि खापऱ्या दहा दिशांना पुरून ठेवल्या. धुकं सोडणारा माणूस आधी घराण्याची वंशावळ लिहून घेत नाही, हे तुझ्या मित्राला सांगायला हरकत नाही.

मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजीतली अद्भुत कथांची पुस्तकं वाचायचे, पण त्या वयात सगळं समजायचं नाही. मग मधलं मधलं चित्रं बघून स्वतःच भरून काढायचे. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना हे वेगळं समजवायला नको. मी सातवीत असताना शाहूपुरीतल्या एका कॅफेत तासाला वीस रुपये देऊन गेम खेळायचे. पडद्यावरचं निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, आणि त्या निम्म्यात मी जी गोष्ट रचली होती ती पुढं मूळ कळल्यावर मूळापेक्षा बरी निघाली. त्या माणसानं तोच अनुभव ठरवून बनवला. तुला गोष्ट ‘कळत नाही’ असं जे वाटतंय, ते तुझं इंग्रजी कच्चं म्हणून नाही. ते तसंच वाटावं म्हणून तिथं लोकांनी रात्री काढल्यात.

मग वाचायचं कसं? माझं सांगणं असं, की राजाराण्यांपासून सुरू करू नकोस. मॅरिका, रॅडागॉन, कोण कुणाचा मुलगा, त्यात पडलास की वंशावळीच्या कागदातच फिरत राहशील. एखादी क्षुल्लक वस्तू धर आणि ती सोडू नकोस. मडकं धर.

पहिल्यांदा मडकं कुठं भेटतं? लिमग्रेव्हच्या वरच्या माळावर अलेक्झांडर खड्ड्यात रुतून बसलाय. हातपाय असलेलं, बोलणारं, स्वतःला शूर लढवय्या म्हणवणारं भलंमोठं मडकं. त्याला बाहेर काढायचं म्हणजे मागून जोरात हाणायचं. हसू येतं. तुला हसू यावं म्हणूनच ते तिथं आहे. पुढं रॅडान ह्या सेनापतीशी लढायची जत्रा भरते, तिथं तो आपल्या बाजूनं लढतो, आणि लढाई संपल्यावर रणांगणावर पडलेल्या योद्ध्यांचे अवशेष गोळा करून पोटात भरताना दिसतो. इथं पहिल्यांदा जरा चरकायला होतं. मडक्यात माणसं आहेत. पण तो इतका प्रेमळ की आपण म्हणतो, असेल बाबा त्यांची एक पद्धत. मग जारबर्ग लागतं, मडक्यांचं गाव. फुलांनी भरलेलं, छोटी छोटी मडकी इकडं तिकडं. तिथलं पिल्लू तुझे हात बघतं, कारण त्यांना सांभाळणाऱ्याचे हात मऊ लागतात. त्या ठिकाणी मी एक संध्याकाळ नुसती बसून काढलीय. शेवटी फारुम अझुलामध्ये अलेक्झांडर तुझ्याकडूनच झुंज मागतो आणि तुझ्याच हातून फुटतो.

मग २१ जून २०२४ ला डीएलसी आली. दोन वर्षं आपण ज्या मडक्यांना हसत होतो, रडत होतो, त्यांचं मूळ तिथं निघतं. बॉनी गावात. शिंगवाल्या लोकांच्या त्या गावात माणसं तोडून मडक्यात कोंबत होते. गुन्हेगारांचे तुकडे एकजीव व्हावेत म्हणून त्यात शमन नावाच्या लोकांतल्या बायकांना घालायचे, कारण त्यांचं शरीर दुसऱ्या शरीरात मिसळून जायचं. तुझी जागा मडक्यातच, तू त्यासाठीच जन्मलीस, असं तिथलं भूत बोलतं. मी हेडफोन काढून ठेवला होता.

आणि खरी कारागिरी ह्याच्याही पुढं आहे. बॉनी गावात तुला एक हावभाव मिळतो, ‘ओ मदर’. त्या वेळी त्याचा काही उपयोग दिसत नाही. मग शॅडो कीप ह्या किल्ल्याच्या मागं एका पुतळ्यासमोर तोच हावभाव केलास की वाट उघडते, आणि ती वाट तुला शमन गावात नेते. म्हणजे त्यांनी काय केलं बघ. जिथं ह्या बायकांचा छळ झाला, तिथून उचललेली आईची हाक हीच त्यांच्या माहेरची किल्ली. कुठं एक ओळ सांगितलेली नाही. गावात मारायला कुणी नाही. रिकामी घरं, फुलं, वारा. एक सोनेरी केसांची वेणी सापडते, मॅरिकेनं कापून वाहिलेली. आणि एक मंत्र सापडतो, छोटं अर्डट्री, म्हणजे त्या जगातलं सोनेरी झाड, उभं करणारा, जवळच्या सोबत्यांच्या जखमा भरणारा. त्याच्या वर्णनात लिहिलंय की मॅरिकेनं आपलं गाव सोन्यात न्हाऊ घातलं, बरं करायला आता कुणीच उरलेलं नाही हे पुरतं माहीत असून.

इथं येऊन मी कंट्रोलर खाली ठेवला. कारण मॅरिका म्हणजे आतापर्यंत आपल्या लेखी कोण होती? दगडी चेहऱ्याची देवी, पोराला, म्हणजे तू मारलेल्या त्या मेस्मरला, पाठवून शिंगवाल्यांची कत्तल करवणारी. ते केलंच तिनं. त्यात काही माफ होत नाही. पण आता ती कुठल्या गावची पोर होती हे आपल्याला कळलंय. आणि हे तुला तिनं सांगितलं नाही, निवेदकानं सांगितलं नाही. खड्ड्यात अडकलेल्या एका मडक्यापासून तू चालत आलास. दीडशे तासांत तू ही सगळी ठिकाणं पार केली असशील. फक्त मधला दोरा हातात धरला नव्हतास.

दुसरी गोष्ट, आयटमचं वर्णन, म्हणजे सापडलेल्या वस्तूबरोबर येणारा मजकूर, हा देवाचा शब्द नाही. इथं बहुतेकजण चुकतात. वर्णन म्हणजे वीरगळ. आपल्या गावांत देवळाच्या बाजूला उभे असतात ते दगड बघितलेस ना? आमच्या गावात नदीच्या घाटावर एक आडवा पडला होता, त्यावर बायका कपडे धुवायच्या. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि मरण, मग अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला चंद्रसूर्य. दगड खोटं बोलत नाही, पण तो एका बाजूनं बोलतो. समोरच्याचं मरण त्यात नाही. त्याच्या घरच्यांनी दगड उभा केला असेल तर तो दुसऱ्या गावात, आणि नसेल केला तर कुठंच नाही.

गेममधला भटका व्यापारी आठव. शेकोटीजवळ एकटा बसून वाद्य वाजवणारा, तुझ्याकडून रून्स, म्हणजे तिथले पैसे, घेऊन बाण विकणारा. वाटेत डझनभर तरी भेटतात, सगळे एकटे. का एकटे, हा प्रश्न तुला पडला का? त्यांच्या कपड्यांच्या वर्णनात मिळतं की एकेकाळी त्यांचा मोठा तांडा होता, त्यांच्यावर पाखंडाचा ठपका आला आणि सबंध जमातीला जमिनीखाली जिवंत पुरलं. राजधानीच्या गटारांच्याही खाली उतरत गेलास की ते सापडतात, प्रेतांचे ढीगच्या ढीग, आणि त्यातच कुणीतरी अजून वाद्य वाजवतंय. वेडाची ज्वाळा त्यांच्या त्या शापातून आली, असं तेच वर्णन सांगतं. आता बघ, वर राजधानीत, लेंडेलमध्ये, सगळं सोन्याचं आहे. तिथल्या एकाही पुतळ्यावर ह्यांचं नाव नाही. वरच्या शहराचं खरं वर्णन खालच्या गटारात आहे. म्हणून कुठलंही वर्णन वाचताना आधी हे विचार, की हा दगड उभा करायला पैसे कुणी दिले?

आपल्या शहराचं नावही त्याच कुळातलं आहे खरं तर. देवीनं कोल्हासुराला मारलं, आणि मरताना त्यानं मागितलं की ह्या जागेला माझं नाव राहू दे. हरलेल्याचं नाव जिंकलेल्या देवीच्या शहराला! एखाद्या लेखकानं माझ्याकडं ही कल्पना आणली असती तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच गोळीबंद वाटतंय, मोड थोडं.

आता घरचं झाकलेलं एक उघडं करते, म्हणजे तुझ्या मित्रालाही थोडा न्याय मिळेल. एका प्रोजेक्टवर, नाव सांगत नाही, आमच्या लेव्हलमध्ये योद्ध्याचे चार पुतळे लागत होते आणि तयार एकच होता. मुदत शुक्रवारची. मी दोन पुतळे आरशासारखे उलटवले आणि बसवून टाकले. झालं काय, त्यांची तलवार डाव्या हातात गेली. गेम बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांत खेळणाऱ्यांनी शोध लावला की त्या योद्ध्याला डावखुरा जुळा भाऊ होता आणि इतिहासातून त्याचं नाव पुसलं गेलं. पुरावे एवढे पद्धतशीर मांडले होते की मला स्वतःलाच क्षणभर पटलं. आमच्या लेखकानं काय केलं असेल? पुढच्या अपडेटमध्ये त्या भावाला नाव दिलं. आज तो भाऊ अधिकृत आहे. माझ्या आळसातून जन्मला.

म्हणजे धुक्यात आकार बघणं चालतं, हे खरं. पण त्यातही फरक करता येतो. पुरावा एकाच जागी असेल तर तो शुक्रवारचा पुतळा असू शकतो. तीच गोष्ट वेगवेगळ्या खात्यांतून, म्हणजे वस्तूच्या वर्णनात, जागेच्या मांडणीत आणि कुणाच्या तरी बोलण्यात, अशी तिन्हीकडून आली तर ती ठरवून ठेवलेली असते. कारण ही तीन कामं तीन वेगळी माणसं करतात आणि त्यांची एकदम चूक होत नाही. रॅडागॉन म्हणजेच मॅरिका, हे असं तिन्हीकडून पक्कं आहे. राजधानीतल्या रॅडागॉनच्या पुतळ्यासमोर ‘लॉ ऑफ रिग्रेशन’ हा मंत्र म्हटलास की पुतळाच बदलतो. त्या मंत्राला तुझ्या पात्राची ‘बुद्धी’ ३७ लागते, म्हणून तुझ्यासारख्या नुसती ताकद वाढवणाऱ्यांचं ते राहून जातं.

आता तुझी मेलिना. ग्लोम-आइड क्वीन ह्या नावाची राणी पूर्ण गेममध्ये एकदाही दिसत नाही. गॉडस्किन पंथवाल्यांच्या आणि मलिकेथ ह्या योद्ध्याच्या संबंधात मोजक्या वर्णनांत तिचं नाव येतं, बस्स. तिकडं मेलिनाचा डावा डोळा कायम मिटलेला, आणि वेडाच्या ज्वाळेच्या शेवटात तो उघडतो तेव्हा त्याचा रंग सांजेसारखा जांभळट. एवढ्यावर लोक शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारचा फुटबॉल सामना असल्यासारखे भांडतात. मला विचारशील तर, डोळा मुद्दाम तसा रंगवलाय. कुणी शुक्रवारी घाईत रंगवलेला नाही. शेवटच्या चित्रफितीत, जवळून, कॅमेरा थांबवून दाखवलेला रंग चुकून येत नाही. त्यामुळं दोघींचा काहीतरी संबंध आहे हे मी मानते. ती तीच आहे, तिची मुलगी आहे, की तिचं उरलेलं काही आहे, ह्याला गेमनं जागा रिकामी सोडलीय. ती नंदीची जागा आहे. तिथं कुणी सिमेंटचा नंदी आणून बसवला तर खिद्रापूरचं जे होईल तेच इथं होईल. डीएलसीमध्ये उत्तर येईल म्हणून लोक डोळे लावून बसले होते, आलं नाही, मला बरंच वाटलं.

गेमची गोष्ट उलगडून सांगणाऱ्या व्हिडिओंबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बघ, पण जागा स्वतः बघून झाल्यावर बघ. आधी बघितलास की तुला तिथं त्या माणसाचाच आवाज ऐकू येतो. आणि वही ठेव. मोबाईलमधली नको, कागदाची, कारण शेजारी शेजारी लिहिलेल्या दोन नावांमध्ये बाण काढायला कागदच लागतो. माझ्या पहिल्या वहीत रॅडान आणि त्याचा घोडा ह्यांच्यात एक बाण आहे. एवढा धिप्पाड माणूस मरतुकड्या घोड्यावर बसतो हे बघून आपण हसतो, आणि मग कळतं की त्याला सोडावं लागू नये म्हणून तर तो गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला.

वेळ मिळाला तर कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्येही एक चक्कर टाक. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेल्या वस्तूंमध्ये पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठावर. तो इथं कसा, ह्या प्रश्नातून सातवाहनांच्या काळातला रोमशी चालणारा अख्खा व्यापार बाहेर येतो. कुणी लेव्हलमध्ये अशी मूर्ती ठेवली असती तर मी म्हटलं असतं, चुकून दुसऱ्या गेमची वस्तू आलीय, काढ.

तू गेम संपवलास म्हणतोस, पण रॅनी हे पात्र जी कामं सांगतं त्यांबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, त्यावरून वाटतं ती वाट तू सोडलीस. मग दुसऱ्यांदा खेळताना एवढं कर. रॅडान पडल्यावर आकाशातून एक तारा तुटून लिमग्रेव्हच्या जंगलात पडतो. त्यानं पाडलेल्या भगदाडातून खाली उतर, नोक्रॉनमध्ये. तिथून एक पातं मिळेल, ते रॅनीला नेऊन दे. बदल्यात ती एक उलटा पुतळा देईल. लिउर्नियाच्या पूर्वेला कॅरियन स्टडी हॉल आहे, तिथल्या खोबणीत तो पुतळा बसव. सगळी इमारत उलटी होईल. छतावरून, झुंबरांवरून उड्या मारत मारत वर जा, म्हणजे खाली जा, आणि पलीकडच्या मनोऱ्याचा माथा गाठ. तिथं एक जळालेलं प्रेत पडलंय. त्याच्या अंगावर एक खूण आहे, अर्ध्या चाकासारखी. उरलेलं अर्धं चाक कुणाच्या अंगावर आहे आणि हे प्रेत कुणाचं, ते वहीत लिहून मला पाठव.